चौऱ्याऐंशी किलो गूळ

सोमाची गाडी डावीकडे ओढायची. स्टिअरिंग सरळ धरून हात जरा सैल सोडला की ती हळूच साइडपट्टीकडे निघायची, जत्रेत पोर खेळण्यांच्या दुकानाकडे निघावं तशी.

सोमाजी माझा धाकटा भाऊ. चाकणला एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्याने ही गाडी आणली. लाल रंगाची, दोनच सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. बसलं की आपलं बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. पंचवीस वर्षांची जुनी, बनवणारी कंपनीसुद्धा कधीच बंद पडलेली. ओतूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावापासून चार किलोमीटरवर आमची वस्ती. ही गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"सोमा, पावणं आलं तर कुटं बसवायचं रं? डिकीत?"

"पावण्यांनी यष्टीनं यावं," सोमा म्हणायचा.

बॉडी त्याने चकचकीत केली, रबरी बुश बदलले, इंजिन उघडून पुन्हा बांधलं. चाकं मात्र त्याला वश होईनात. मला म्हणायचा, "दादा, हिची चाकं सरळ लागली की पयला तुला बसवणार. टाळ मांडीवर घेऊन बसायचं आन् थेट कीर्तनाला."

"तवर आपली मोटरसायकल बरी," मी म्हणायचो.

मागच्या मार्गशीर्षात तो सकाळच्या पाळीला गेला आणि कंपनीच्या बसमधून उतरताना खाली बसला. उठलाच नाही. त्रेचाळीस वर्षांचा होता.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी प्रवचन असतं. मला कीर्तन-प्रवचनाचं वेड लहानपणापासून. मिसरूड फुटायच्या आधीपासून कीर्तनकारामागे टाळ घेऊन उभा राहिलोय. गंभीर प्रसंगी लोक गप्पा मारतात, मी प्रवचन ऐकतो, आणि घरी येऊन दृष्टांतासकट आईला सांगतो. त्या दिवशी महाराज पाऊण तास बोलले. गळा गोड होता त्यांचा, हे लोकांकडून कळलं. माझ्या कानावर शब्द पडत होते, आत जात नव्हते. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. मी हात जोडून उभा होतो. पायाखाली वाळू होती, ती तापल्याचं शेजारच्याने सांगितलं तेव्हा पाय उचलला.

मग पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

समोर उंबरावर चार-पाच कावळे बसलेले. लोक मागे सरले. एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. "सोमा, आईला आमी बघू रं." कावळा हलेना. "प्रतिभाला काय बी कमी पडू देणार न्हाई." प्रतिभा म्हणजे त्याची बायको. कावळ्याने मान वळवली, बस्स. चुलतभावाने बांधाचा वाद मिटवायचं कबूल केलं. तरी काही नाही. ऊन वर आलं. कुणीतरी मला कोपराने ढोसलं, "सावळाराम, तू बोल. तू थोरला."

जे तोंडात आलं ते बोललो.

"सोमा, तुझी गाडी सरळ करतो रं."

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, एक घास घेतला आणि गेला. रडणारी माणसं रडता रडता हसली. "शेवटपत्तोर गाडीच!" कुणीतरी म्हणालं. मी हसलो नाही आणि रडलोही नाही. नदीत हात धुतले.

त्या दिवसापासून जेवणाची चव गेली. भाकरी तोंडात फिरायची, कालवण ओलं लागायचं एवढंच. आई, चिमाबाई तिचं नाव, विचारायची, "मीठ झालंय का रं?" मी म्हणायचो, "झालंय." एकदा तिने मीठ घातलंच नव्हतं. मी तसंच जेवून उठलो होतो.

आणि रोज दुसरा प्रश्न असायचा. "गाडी झाली का सरळ?"

"बघतो."

"सगळ्यांम्होरं सबूद दिलाय. वर्षश्राद्धाच्या आत झाली पायजे. तवर त्याचा जीव हितंच घुटमळंल."

आधी गाडी मंचरला नेली, कॉम्प्युटरवाल्याकडे. प्रतिभाने चालवली, मी मोटरसायकलवर मागे. सोमाने तिला शिकवलं होतं. चाकांना आरसे लावले, पडद्यावर आकडे आले. त्यांच्या यादीत ही गाडीच नव्हती. पोरगा प्रामाणिक होता, म्हणाला, "हिच्याजवळची एक लहान गाडी निवडतो काका, बघू." सगळे आकडे हिरवे झाले. परत येताना गाडी डावीकडेच. दोन महिन्यांनी पुन्हा नेली. पुन्हा हिरवे, पुन्हा डावीकडे.

शेवटी जुन्नरच्या चांदभाईंचं नाव कळलं. त्यांच्या वडिलांचा धंदा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचा, लोखंडाची तापलेली पट्टी. चांदभाईंनी तोच हात मोटारीवर चालवला. साठीचा माणूस, अंगाने भरलेला, दाढी मेंदीने लाल. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मग उकिडवं बसून पुढचं चाक नुसतं बघत राहिले.

"भाऊ, माणसाचं कसं असतंय? कुणी फेंगडं चालतंय, कुणी पाय आत टाकून. हिचं एक पाऊल आत हाय, एक बाहेर. लई दिवसांची सवय हाय. सुटंल."

"कॉम्प्युटरनं न्हाई सुटली."

"कॉम्प्युटरला हिची वळख न्हाई. त्याचा काय दोष?" मग त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"का?"

"ही सातशे किलोची पोर हाय. ट्रकवर माशी बसली तर काय न्हाई, पण वहाणंत खडा गेला की माणूस लंगडतंय. हिच्यात माणूस बसला की ही एका अंगावर दबती, चाकं कलतात. म्हणून चालवणाऱ्याचं वजन सीटवर ठेवून चाकं लावायची. तर कोण चालवणार?"

मी म्हणालो, "सोमा."

सोमा कोण हे त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"त्याला सबूद दिलाय," मी म्हणालो. "त्याच्या वजनानं लावा."

"किती व्हतं वजन?"

ते मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी सोमाला मोठी कावीळ झाली होती. डॉक्टरांनी खांदे उडवले तेव्हा आईने नवस बोलला की पोर उठलं तर सप्त्यात त्याच्या भारंभार गूळ वाटीन. पोर उठलं. चांगलं अंग भरल्यावर आईने त्याला देवळापुढे मोठ्या तराजूत बसवलं. दुसऱ्या पारड्यात दहा-दहा किलोच्या ढेपा. आठ ढेपा झाल्या तरी सोमाचं पारडं खालीच. सोमा पारड्यातून ओरडतोय, "आजून ठिवा, आईनं सकाळीच लाडू चारल्यात!" मग चार किलोचा एक गड्डा फोडून ठेवला तेव्हा काटा मधे आला. चौऱ्याऐंशी किलो.

चांदभाई म्हणाले, "वाळूच्या गोण्या भरू चौऱ्याऐंशीच्या."

"नको. गूळच आणतो."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आणा."

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळातून आठ ढेपा आणि चार किलोचा गड्डा टेम्पोत घालून मोटरसायकलवर मागोमाग गेलो. सोमाच्या सीटवर पोतं अंथरून त्या एकावर एक रचल्या, दोन पायांपाशी, सहा बैठकीवर. गड्डा सगळ्यात वर. मागून बघितलं की कुणीतरी बुटका माणूस बसलाय असं दिसायचं. मी बघितलं. काही वाटलं नाही.

चांदभाईंचं काम बघण्यासारखं होतं. मिस्त्री लोकांची पाण्याची नळी धरून त्यांनी आधी जमीन तपासली. चारही चाकांखाली गुळगुळीत फरश्या जोड्यांनी ठेवल्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक वळवलं तर अडणार नाही. स्टिअरिंग मधे आणून दोरीने सीटला बांधून टाकलं. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्यांवर बारीक दोरी ताणली, पुढपासून मागपर्यंत, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून. दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत एक माप, मागच्या कडेपर्यंत दुसरं. त्यातला फरक म्हणजे चाक किती आत, किती बाहेर. पोलादी पट्टी डोळ्याजवळ नेऊन ते श्वास धरायचे. टायरॉडला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांडीला, पाव आटा द्यायचे, गाडी पुढे-मागे ढकलायला लावायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. चाक वरून किती कललंय ते ओळंब्याने बघायचे आणि वरच्या दांडीमागे पातळ पट्ट्या घालायचे, काढायचे.

"दोरी हलवू नका भाऊ. टाळ धरणारा हात तुमचा, जरा थिर धरा."

हात स्थिरच होता. वर्षभर तो स्थिरच होता. कीर्तनात टाळ बरोबर वाजायचा, ठेका चुकायचा नाही. फक्त ऐकू यायचा नाही.

दुपारी काम संपलं. मंगळवार होता. आळेफाट्यापुढे बेल्ह्याकडे जाणारा रस्ता सुतासारखा आहे, आदल्या दिवशी बैलबाजाराच्या टेम्पोंमुळे तिथे वाट मिळाली नसती. गूळ उतरवून चांदभाई स्वतः चालवायला बसले. ते सोमाच्याच अंगाचे. म्हणाले, "बसा शेजारी."

"सरळ चालल्याबिगार न्हाई."

मी मोटरसायकलवर मागे राहिलो. रस्ता मोकळा होता. टप उघडं होतं. अचानक चांदभाईंनी दोन्ही हात वर केले, कीर्तनात गजराला करतात तसे. गाडी चालत राहिली. एक खांब गेला, दुसरा, तिसरा. ती ना इकडे गेली ना तिकडे.

घरी येऊन आईला सांगितलं, "झाली." आईने पदर डोळ्याला लावला. मी हातपाय धुवून बसलो. वाट बघत होतो, आता काहीतरी सुटेल आतलं. भाकरी आली. ओलं लागलं, कोरडं लागलं. एवढंच.

दोन दिवसांनी प्रतिभा गाडी घेऊन शाळेला गेली. ती मढला शिक्षिका आहे. रोज जीपला लोंबकळत जायची, म्हणून मीच म्हणालो होतो, ने. संध्याकाळी आली ती दारातूनच म्हणाली, "दादा, गाडी उजवीकडे ओढतेय."

"डावीकडं?"

"उजवीकडे. समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. हात दुखला धरून धरून."

माझ्या लगेच ध्यानात आलं. तिचं वजन शाळेच्या तपासणीत झालं होतं, बावन्न किलो. आता शहाण्या माणसाने गाडी पुन्हा चांदभाईंकडे नेली असती. मी नेली नाही. चाकं सोमाची लागली होती. ती पुन्हा हलवायची म्हणजे दिलेला शब्द माघारी घ्यायचा, असं माझ्या डोक्यात बसलं. गूळ टेम्पोने घरी परत आला होता; मी ओट्यावरून तीन ढेपा उचलल्या, गड्ड्याचा निम्मा तुकडा फोडला, आणि तिच्या सीटमागे जी वीतभर जागा होती तिथे ते सगळं पोत्यात गुंडाळून सुतळीने आवळून टाकलं. बत्तीस किलो.

"आता बघ," म्हणालो.

गाडी सरळ चालली. वीस दिवस प्रतिभा पाठीमागे गूळ बांधून मढला जात-येत होती. शाळेतली पोरं म्हणायची, "बाई, तुमच्या गाडीला उसाचा वास येतो." ती मला हसून सांगायची. मीही हसल्यासारखं तोंड करायचो.

मग मुंग्या लागल्या. एकविसाव्या दिवशी घाटाच्या बाजूने येणारा दुधाचा टेम्पो समोर असताना तिच्या मानेला मुंगी डसली आणि हात उडाला. टेम्पोवाल्याने गाडी वाचवली, शिव्या दिल्या आणि गेला. ती कडेला बराच वेळ बसून होती.

घरी आल्यावर तिने एकेक ढेप उचलून ओट्यावर आणून ठेवली. मुंग्या हातावर चढत होत्या, ती झटकत नव्हती. मग माझ्यासमोर बसली. शाळेत पोरांना विचारतात तसं विचारलं.

"दादा, बावन्न आणि बत्तीस किती?"

"चौऱ्याऐंशी."

"म्हणजे गाडी अजून तेच चालवतायत."

मी ढेपेवरच्या मुंग्या झटकू लागलो.

"मी बावन्न किलोची आहे. मला तेवढंच राहायचंय. हे वजन पाठीला बांधून मी किती दिवस हिंडू?"

"सबूद दिलाय प्रतिभा. कावळा शिवला तवा."

"काय शब्द दिलात? गाडी सरळ करतो म्हणालात. सरळ कुणासाठी ते कुठं बोललात?" तिचा आवाज चढला नाही. "ते असते ना, तर पहिल्या दिवशी हा गूळ बघून लोळून हसले असते. गुळानं गाडी सरळ करणारा भाऊ!"

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरंच हसला असता रं."

मी सोमाला हसताना आठवायचा प्रयत्न केला. तराजूच्या पारड्यातला आठवला.

दुसऱ्या दिवशी जुन्नरला चांदभाईंनी आम्हाला दोघांना बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "मी पयल्याच दिवशी इचारलं व्हतं भाऊ, चालवणार कोण म्हणून."

"चुकलं."

"चुकलं न्हाई. उशीर लागला." मग प्रतिभाला, "बसा ताई. गोणी नको, गूळ नको, तुमीच बसा. फक्त तासभर हलायचं न्हाई. शेजारी कुणी बसणार का? त्याचं बी वजन धरतो."

"एकटीच," ती म्हणाली.

ती बसली. सीट पुढे ओढून घेतली, कारण सोमाचे पाय लांब होते. चार वर्षं ती सीट तिथेच होती; प्रतिभाही पाय ताणून तशीच चालवायची. चांदभाईंनी पुन्हा फरश्या, पुन्हा ग्रीस, पुन्हा दोरी. उजव्या चाकाची एक पातळ पट्टी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढ्या जाडीची. टायरॉडला अर्ध्या पावाचा आटा. मी पुढचा ओळंबा धरून उभा होतो. थोड्या वेळाने चांदभाईंनी ओठावर बोट ठेवलं. प्रतिभाला झोप लागली होती. मान एका बाजूला, हात मांडीवर. हलायचं नाही असं तिला या वर्षभरात कुणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाक, शाळा, आई, येणारे-जाणारे. मापं झाली तरी आम्ही अर्धा तास तिला उठवलं नाही. चांदभाई दुसऱ्या गाडीला हात न लावता शेजारी बसून राहिले.

निघताना ते मला म्हणाले, "आता तुमी बी बसा कधीतरी तिच्या शेजारी. ताई एकटीच म्हणाल्या, तरी मी तुमचं वजन बी धरलंय. असाल अठ्ठेचाळीस-पन्नास किलो, तेवढ्यानं आता काय बी फरक पडत न्हाई. झाडाचं पान पडल्यावानी."

वर्षश्राद्धाचं कीर्तन गावच्या देवळात ठेवलं होतं. गूळ सकाळीच टेम्पोने पुढे पाठवला, आठही ढेपा आणि गड्ड्याचे दोन तुकडे. आचाऱ्याने मुंग्या झटकल्या, म्हणाला, "मुंगीला कळतंय गूळ कसला हाय ते." लापशीला बराच लागणार होता.

संध्याकाळी प्रतिभाने गाडी वस्तीच्या तोंडाशी लावली. शेजारचं दार उघडलं. "चला दादा."

मी टाळ घेऊन बसलो. खरंच रस्ता बुडाला लागल्यासारखा वाटत होता. डांबरी लागल्यावर एका सरळ तुकड्यावर तिने वेग थोडा वाढवला, पुढे-मागे बघितलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. मी समोर बघत होतो. रस्त्याच्या मधोमध एक पांढरा पट्टा होता. तो आमच्या उजव्या चाकापासून हातभर लांब होता आणि हातभरच राहिला. विजेचे खांब मोजले. पाचव्या खांबाला तिने हात परत ठेवले.

"झाली," मी म्हणालो. कुणाला ते मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

कीर्तनात मागे उभा राहिलो. महाराजांनी काय निरूपण केलं ते त्या रात्रीही आईला नीट सांगता आलं नाही. अर्धंच आठवलं. पण अर्धं आठवलं. गजराला माझा टाळ शेजारच्याच्या टाळाच्या एक क्षण मागे पडला, आणि तो मागे पडलेला मला ऐकू आला. शेजारी भागू उभा होता, लहानपणापासूनचा जोडीदार. डोळे वटारून म्हणाला, "सावळ्या, ठेका!"

मग पंगत बसली. प्रतिभा वाढत होती. माझ्या पत्रावळीवर तिने लापशी वाढली, मधे बोटाने खळगा करून तूप सोडलं, पुढे गेली. मी घास घेतला. आई बायकांच्या पंगतीतून बघत होती. नेहमीसारखं तिने लांबूनच हाताने विचारलं, कसं झालंय?

मी दुसरा घास घेतला, खात्री करायला.

"गोड हाय," म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.